कोणाच्या हाती पडावं?

आजचं वाचन: २ शमुवेल २४ (वेळ असेल तर सोबत १ इतिहास २१ सुद्धा)



शमुवेलाचं दुसरं पुस्तक आज संपतंय. गेले कित्येक दिवस आपण दाविदाबरोबर चाललो. मेंढरं, गोफण, शौलाचा भाला, बथशेबा, अबशालोम, सगळं झालं. आता एखाद्याला वाटेल की शेवटी मोठं विजयगीत असेल, राजा म्हातारा झाला, प्रजा सुखात आहे वगैरे. तसं काही नाही. पुस्तक संपतं ते मरीच्या साथीत आणि एका परक्या माणसाच्या खळ्यात.

गोष्ट थोडक्यात अशी. दाविदाला लोकांची गणती करायची हुक्की येते. यवाब, जो एरवी माणूस मारायलाही मागेपुढे बघत नाही, तोसुद्धा म्हणतो की राजे, हे कशाला? पण राजाचा हट्ट. नऊ महिने आणि वीस दिवस माणसं देशभर फिरतात आणि आकडा आणतात: इस्राएलात तरवार धरणारे आठ लाख, यहूदात पाच लाख. आकडा हातात आला आणि त्याच वेळी दाविदाचं मन त्याला खायला लागलं.

गणतीत एवढं काय वाईट, हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला पडणारच. माझा दिवसच आकडे बघण्यात जातो. बायबलमध्ये तर 'गणना' नावाचं अख्खं पुस्तक आहे, आणि तिथे मोजायला देवानेच सांगितलंय. निर्गम ३० मध्ये नियमही आहे: मोजणी कराल तेव्हा प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल खंडणी द्यावी, म्हणजे मरी येणार नाही. म्हणजे माणूस मोजताना हे लक्षात ठेवायचं की तो आपल्या मालकीचा नाही. दाविदाच्या गणतीत त्या खंडणीचा उल्लेखच नाही. फक्त तरवारी मोजल्या गेल्या. डॅशबोर्ड हिरवा दिसला की आपल्यालाही कशी शांत झोप लागते ते आठवून बघा, म्हणजे दाविदाचं दुखणं कळेल. (त्याला हे करायला कोणी लावलं याबद्दल शमुवेल आणि इतिहास दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. तो मोठा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.)

मग सकाळी गाद संदेष्टा तीन पर्याय घेऊन येतो. सात वर्षं दुष्काळ (इतिहासात तीन म्हटलंय), तीन महिने शत्रूपुढे पळापळ, किंवा तीन दिवस मरी. निवड.

दाविदाचं उत्तर चौदाव्या वचनात आहे, आणि ते सावकाश वाचायला हवं. तो 'मरी द्या' असं म्हणतच नाही. तो म्हणतो की माणसांच्या हाती सापडायला नको, त्यापेक्षा परमेश्वराच्या हाती सापडलेलं परवडलं, कारण तिथे दया पुष्कळ आहे. म्हणजे तो फक्त मधला पर्याय खोडतो. दुष्काळ की मरी, ते देवावर सोडतो.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपण भरवसा हा शब्द फार सहज वापरतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, देव माझं वाईट होऊ देणार नाही. तो एक प्रकारचा विमा झाला. वाईट झालं की क्लेम लावायचा आणि क्लेम नाकारला गेला की कंपनीवर रागवायचं. दाविदाकडे तो मार्ग उरलेला नाही. वाईट होणार हे ठरलंय, आणि ते करणारा देवच आहे. तरी तो त्याच देवाकडे तोंड करून उभा राहतो. शिक्षा देणारा तोच आणि आसराही त्याचाच? हे भाबडेपण आहे का? मार खाणारं मूल मारणाऱ्या आईलाच जाऊन बिलगतं, असं उदाहरण आपल्याकडे बरेच प्रवचनकार देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. मुलाला दुसरं कोणी नसतं म्हणून ते बिलगतं. दाविदासमोर दुसरा पर्याय होता आणि त्याने विचार करून तो नाकारला. आयुष्यभर त्याने माणसांचे हात जवळून पाहिले होते, त्यात त्याचे स्वतःचेही आले. उरीयाचं काय झालं हे त्याला विसरता येण्यासारखं नव्हतं.

आता जरा आपल्या पुण्याकडे येऊ. मी राहतो त्या बुधवार पेठेने हे दोन्ही हात एकाच वर्षी पाहिलेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला आणि वर्ष संपेपर्यंत तो पुण्यात पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. हा तोच कायदा, जो २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा आपल्यावर लागू झाला. पुण्याच्या प्लेग कमिटीवर रँड नावाचा अधिकारी नेमला गेला आणि मार्चमध्ये गोऱ्या सोल्जरांनी पेठापेठांतून घरोघर झडती सुरू केली. माजघर, देवघर काही सुटत नव्हतं. संशय आला की माणसाला उचलून छावणीत, सामान रस्त्यावर, कपडे-अंथरुणं आगीत. बायकांच्या तपासणीबद्दलच्या तक्रारींनी तर गावच पेटलं. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढे फाशा झाल्या. आणि प्लेग? तो नंतरही कित्येक वर्षं पुण्यात येतच राहिला.

त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. आमच्या पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या त्याच सावित्रीबाई. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याच्या दवाखान्यात त्या प्लेगचे रुग्ण स्वतः आणत होत्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली.

मला वाटतं, दाविदाला जी निवड मिळाली ती पुण्याला मिळालीच नाही. दोन्ही हात एकदम पडले, आणि लोकांना कळत होतं की यातला कुठला जास्त दुखतो. एक न्याय्य गोष्ट सांगायला हवी: रोग्यांना वेगळं ठेवणं हे काही पाप नव्हतं. २०२० नंतर तरी आपण ते समजू शकतो. पण रोग थांबवायला आलेला माणूस दुसऱ्याच्या लेकीबाळींशी कसा वागतो, हा वेगळा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न त्या वेळी एका ख्रिस्ती बाईने उघडपणे विचारला, म्हणून तर मी ही गोष्ट सांगतोय.

पंडिता रमाबाई. आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या केडगावच्या मुक्ती मिशनमुळे माहीत असतात, कोणाला बायबलच्या भाषांतरामुळे. पण दुष्काळ आणि मरी या दोन शब्दांशी त्यांचं नातं पुस्तकी नव्हतं. १८७४ च्या सुमाराला दक्षिणेतल्या दुष्काळात आधी वडील अनंतशास्त्री गेले, मग आई, मग मोठी बहीण. सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ, दोघंच मागे उरले. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं, आणि १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. कडेवर मनोरमा. त्या पुण्यात आल्या, पुढे इंग्लंडला गेल्या, १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, अमेरिका पाहिली आणि १८८९ मध्ये विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. आधी मुंबईत, मग पुण्यात.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि मुली घेऊन आल्या, कारण अशा वेळी मुलींचं काय होतं हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. पुण्यात तर प्लेग, जास्त माणसं एका ठिकाणी ठेवायला बंदी. म्हणून त्यांनी मुलींना केडगावला, दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेलगतच्या आपल्या शेतावर नेलं. मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं. कुणी प्रोजेक्ट प्लॅन केला नव्हता. दुष्काळ आणि मरी यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरली, तिथे ते उभं राहिलं.

आणि त्याच वर्षी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या वर्तमानपत्राला पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयातल्या आणि छावणीतल्या कारभारावर, तिथे बायकामुलींचं जे होत होतं त्यावर, जाहीर टीका केली. सरकार ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं, त्या स्वतः ख्रिस्ती. गप्प बसणं सोपं होतं. साथ ही देवाचीच करणी, सहन करा, असं म्हणणं तर त्याहून सोपं होतं.

देवावर भरवसा म्हणजे जे जे होईल ते सगळं देवाच्या नावावर टाकणं, असा समज आपल्या मंडळ्यांतून खूप आहे. 'देवाची इच्छा' म्हटलं की विषय संपतो. पण चौदाव्या वचनात दावीद दोन हात वेगळे ओळखतो. माणसाचा हात तो देवाचा हात समजत नाही. रमाबाईंनी तेच केलं असं मला वाटतं. देवाच्या न्यायापुढे वाकणारी बाई प्लेग कमिटीपुढे वाकली नाही. ज्याला खात्री आहे की खरा न्यायाधीश दुसरा कोणी आहे, त्यालाच खालच्या कोर्टाला चुकलात म्हणायचं धाडस होतं.

आता मूळ अडचणीकडे. आमच्या शनिवारच्या ऑनलाइन बायबल अभ्यासात एका ताईने विचारलं. तिचं नाव सांगत नाही, तिने लिहायला परवानगी दिली आहे. मार्चमध्ये लेऑफमध्ये नोकरी गेली. एप्रिलमध्ये वडिलांचं डायलिसिस सुरू झालं. घराचा हप्ता चालूच. आणि एका नातेवाईकाने प्रार्थनेला म्हणून घरी येऊन, चहा पिऊन, तिला सांगितलं की तू दशांश द्यायचं बंद केलंस ना, म्हणून हे झालं. ती विचारत होती, "दादा, हे खरं असेल का? देव मला शिक्षा करतोय का?"

मी तिला म्हटलं, ताई, दाविदाकडे गाद आला होता. तुमच्याकडे कोण आलं?

हा विनोद नव्हता. शास्त्रात काही संकटांना न्याय म्हटलंय, हे मी नाकारत नाही. नाकारलं तर अर्धं बायबल फाडून टाकावं लागेल. पण ते म्हणायला देवाने संदेष्टा पाठवला, आणि तो संदेष्टा राजाच्या तोंडावर बोलला, राजाच्या पापाबद्दल. आपण मात्र उलट करतो. जो आधीच पडलाय त्याच्या घरी जाऊन कारण सांगतो, तेही खात्रीने. २०२० मध्ये कोरोना हे कोणत्या पापाचं फळ, याचे किती मेसेज फिरत होते आठवतंय? प्रत्येक मेसेजमधलं पाप दुसऱ्याचंच होतं.

लूक १३ मध्ये प्रभु येशूला नेमका हाच प्रश्न आला. पिलाताने गालीली माणसांना यज्ञ करताना मारलं, ती बातमी लोक घेऊन आले. म्हणजे माणसाच्या हातचा मृत्यू. येशूने स्वतःहून दुसरी गोष्ट जोडली, शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले ती. म्हणजे अपघात. आणि दोन्हींबद्दल त्याने विचारलं की ते बाकीच्यांपेक्षा मोठे पापी होते असं वाटतं का तुम्हाला? उत्तरही त्यानेच दिलं: नाही. मेलेल्यांकडून त्यांच्या पापापर्यंत जी रेघ आपण ओढतो ती त्याने पुसली. पण न्याय मात्र पुसला नाही. पुढच्याच वाक्यात ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगितलं. बोट बुरुजाकडून वळलं आणि विचारणाऱ्याकडे आलं. लगेच पुढे अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे, जिथे माळी अजून एक वर्ष मागून घेतो. हे तिघं एकत्र वाचले पाहिजेत.

त्यामुळे ताईला मी एवढंच म्हणालो की तुमचा नातेवाईक हा माणसाचा हात आहे. त्यात सापडू नका. देवापुढे मात्र जा, आणि रिकाम्या हाती जा. तिथे काही निघालं तर तो तुम्हालाच सांगेल, चहा पिऊन नाही सांगणार.

माणसाच्या हातावरून आमच्या पेठेचं थोडं सांगतो. ऑफिसात नवीन माणसाने कुठे राहतोस विचारलं आणि मी बुधवार पेठ म्हटलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर ते एक हसू येतं. पुण्यातल्या वाचकांना कुठलं हसू ते कळलं असेल. म्हणून आमच्यातले बरेच जण 'अप्पा बळवंत चौकाजवळ' किंवा 'लक्ष्मी रोडला लागून' असा पत्ता सांगतात. अख्ख्या पेठेत पुस्तकांची दुकानं आहेत, तांबडी जोगेश्वरी आहे, दगडूशेठची गर्दी आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. पण चार गल्ल्यांवरून निकाल लागलेला असतो. आणि त्या चार गल्ल्यांतल्या बायकांवर लागलेला निकाल तर कोणी वाचूनही दाखवत नाही, तो गृहीतच असतो. लॉकडाऊनमध्ये त्यांचं उत्पन्न एका दिवसात थांबलं. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर राज्य सरकारने २०२० च्या ऑक्टोबरपासून तीन महिने दरमहा ५,००० रुपये द्यायचं ठरवलं, म्हणजे तोपर्यंत सहा महिने उलटून गेले होते. मत्तय २१ मध्ये येशू मंदिरातल्या पुढाऱ्यांना सांगतो की देवाच्या राज्यात जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी जात आहेत. हे तो कुठे म्हणतोय ते बघा: मंदिरात. म्हणजे अरवनाच्या त्या खळ्यावर, ज्याच्याकडे आपण आता परत जाणार आहोत.

त्याआधी सत्तर हजार. हा आकडा मी ओलांडून जाऊ शकत नाही. गणती केली दाविदाने आणि मेले दानापासून बैरशेबापर्यंतचे सत्तर हजार लोक. अध्यायाच्या पहिल्या वचनात म्हटलंय की देवाचा राग इस्राएलावर होता, फक्त दाविदावर नाही. पण कशाबद्दल ते सांगितलेलं नाही. काही टीकाकार ती जागा भरून काढतात. मला ती रिकामीच बरी वाटते. कारण दाविदाने स्वतःच ती भरली नाही. सतराव्या वचनात तो देवाला विचारतो की पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलंय? तुझा हात माझ्यावर आणि माझ्या बापाच्या घराण्यावर पडू दे.

थोड्या वेळापूर्वी ज्याने देवाच्या दयेवर भार टाकला, तोच आता देवाला जाब विचारतोय. हे भरवशाच्या विरुद्ध आहे का? मला नाही वाटत. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. त्याच्याकडे पाठ फिरवतात. हबक्कूकानेही हेच केलं, यिर्मयानेही.

आणि इथे क्रम बघा. देवाने दूताला थांबवलं ते सोळाव्या वचनात. दाविदाची ही प्रार्थना सतराव्यात. वेदी बांधली पंचविसाव्यात. तरवार थांबली तेव्हा अजून कोणी काही अर्पण केलेलं नव्हतं, मूळ मजकुरात तरी देवाचं 'पुरे' आधी येतं. त्या 'पुरे'साठी हिब्रूत 'रव' हा शब्द आहे. चौदाव्या वचनात दाविदाने दया 'पुष्कळ' आहे म्हटलं, तिथे 'रब्बीम'. एकच धातू. दाविदाने ज्या शब्दावर पैज लावली, त्याच शब्दाने देवाने हात आवरला. मराठीत हे दिसत नाही. रमाबाईंनी हिब्रू शिकून सबंध बायबल साध्या, गावातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणायचा घाट का घातला असेल, हे अशा जागी समजतं. ते काम चालू असतानाच, १९२१ च्या जुलैत, मनोरमा गेली. शेवटचं अपत्य, एकुलतं एक. त्यांनी काम सोडलं नाही. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुस्तक नंतर १९२४ मध्ये बाहेर आलं, केडगावच्याच छापखान्यात मिशनमधल्या बायकांनी छापलेलं.

दाविदाची ती मागणी, तुझा हात माझ्या घराण्यावर पडू दे, त्या दिवशी तशी पुरी झाली नाही. आपण ख्रिस्ती लोक ती पुढे नेऊन वाचतो. हजार वर्षांनी, त्याच यरुशलेमात, दाविदाच्या घराण्यातल्या एकावर तो हात पडला, आणि मेंढरं सुटली. तिथे तर दोन्ही हात एकत्र होते: पिलाताचा आणि पित्याचा. दाविदाने टाळलेला पर्याय येशूने टाळला नाही, तो माणसांच्या हाती दिला गेला. शेवटच्या श्वासाला मात्र त्याने आत्मा पित्याच्याच हाती सोपवला, लूक २३ बघा. यामुळे त्या सत्तर हजारांपैकी एकाच्या आईचं दुःख हलकं झालं असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा अधिकार मला नाही. पण न्याय करणारा स्वतः त्या न्यायाखाली उभा राहिला असेल, तर त्याच्या हाताबद्दल मला निदान भीतीपलीकडे काहीतरी बोलता येतं.

आता खळं. दूत थांबला तो अरवनाच्या खळ्यापाशी. अरवना यबूसी, म्हणजे ज्यांच्याकडून दाविदाने शहर जिंकून घेतलं त्या लोकांतला. इतिहासात लिहिलंय की तो गहू मळत होता, सोबत चार मुलगे होते, दूत दिसला तशी मुलं लपली. राजा येताना दिसला तेव्हा अरवनाने दंडवत घातला आणि म्हणाला की बैल घ्या, होमाला मळणीची औतं आणि जू जाळा, सगळं तुमचंच. राजाने घेतलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. मरीत सरकार काय काय उचलून नेतं ते पुण्याला माहीत आहे. दाविदाने पन्नास शेकेल रुपं मोजून दिलं. ज्याला काहीच पडलं नाही असं अर्पण मी देवाला देणार नाही, असा त्याचा सूर होता. या अध्यायातली ही दुसरी मोजणी. पहिलीने सत्तर हजार घेतले, दुसरीत एका परक्या शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा दाम मिळाला.

२ इतिहास ३:१ सांगतं की शलमोनाने मंदिर बांधलं ते याच जागेवर.

उद्याचं वाचन: स्तोत्र ३०. त्याचा मथळा वगळू नका, तोही वाचा.